सहावं पॅनल

छत बोलतं, हे मी गेली एकवीस वर्षं लोकांना सांगत आलो आहे. लोकांचा विश्वास बसत नाही, कारण लोकांना फक्त भिंती दिसतात. घरातल्या घरात स्टुडिओ करायचा म्हटलं की ते भिंतींना स्पंज चिकटवतात, जमिनीवर गालिचा अंथरतात, काही महाभाग अंड्यांचे ट्रेसुद्धा लावतात. आणि मग मला फोन करतात, की अहो, एवढं करूनही आवाज डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा येतोय. मी जातो. खोलीच्या मधोमध उभा राहून एक टाळी वाजवतो आणि बोट वर करतो. तुमचा आवाज तोंडातून निघून वर जातो, सिमेंटच्या छतावर आपटतो आणि क्षणभर उशिरा परत माइकमध्ये शिरतो. त्याचा बंदोबस्त कोणी करायचा? मग शिडी लावतो आणि छताचं तोंड बंद करून देतो. धंदाच आहे माझा तो.

आणि माझ्याच घरातलं छत दोन वर्षं उघडं होतं. त्यावरून बहिणीने माझा जीव खाल्ला होता.

बहिणीला घरात, गल्लीत, कामावर सगळीकडे रेडिओ म्हणतात. हे नाव मीच ठेवलं, ती चार वर्षांची असताना, आणि त्याचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही. ती उठते तीच बोलत. दात घासतानाही बोलते. शब्द कळत नाहीत, पण कोणावर चिडली आहे ते कळतं. आई-वडील गेल्यावर या घरात आम्ही दोघंच उरलो. खाली माझं वर्कशॉप, वर ती. नशिबाने तिला कामही तोंडाचंच मिळालं. एक ऑडिओबुकवाली कंपनी तिला पुस्तकं पाठवते आणि वरच्या मागच्या खोलीत बसून ती ती वाचते.

"दादा, जगाची छतं करून झाली असतील तर बहिणीच्या छताकडे बघ," हे रोज सकाळी चहाबरोबर मिळायचं. "कंपनीवाले विचारतात, बाई, तुम्ही विहिरीत बसून वाचता का?"

"विहिरीत आवाज घुमतो. तुझा आपटतो. दोन्हीत फरक आहे."

"मला फरक नकोय, मला छत हवंय."

या वेळचं पुस्तक मोठं होतं. कुठल्याशा जहाजाच्या कप्तानाची सहाशे पानी कादंबरी. आवाज स्वच्छ आला नाही तर पुढची पुस्तकं पाठवणार नाही, असं कंपनीने स्वच्छ शब्दांत कळवलं होतं. शेवटी मी एक सोमवार मोकळा काढला.

माझी पद्धत ठरलेली आहे आणि ती कोणी बदलायला सांगितली की माझं डोकं फिरतं. लाकडी चौकट, आत रॉकवूलची, म्हणजे दगडी लोकरीची, लादी, वरून कापड ताणून मागे पिना. असं पॅनल छताला चिकटवायचं नसतं. चार हुक आणि तारा घेऊन वीतभर खाली टांगायचं, म्हणजे पॅनलला चुकवून वर गेलेला आवाजही परत येताना त्याच्या पाठीत शिरून संपतो. रेडिओच्या खोलीला अशी सहा पॅनलं लागणार होती. प्रत्येक पॅनल टांगलं की खाली उतरून एक टाळी वाजवायची, ती रेकॉर्ड करायची आणि लॅपटॉपवर तिचा आलेख बघायचा. आलेखात टाळीचा एक उंच सुळका दिसतो, आणि त्याच्यामागे छतावरून परत आलेल्या आवाजाचे छोटे छोटे सुळके. पॅनलं वाढतात तसे मागचे सुळके झडत जातात.

पहिलं पॅनल टांगलं, टाळी वाजवली, आलेख बघितला. मागचे दोन सुळके बसले होते. पण टाळीच्या सुळक्याच्या आधी, जिथे सरळ रेघ असायला हवी, तिथे एक बारीकसा उंचवटा होता. म्हणजे टाळी वाजायच्या आधी टाळीचा आवाज.

मी केबल बदलली. मग माइक बदलला. मग लॅपटॉपला शिव्या दिल्या. उंचवटा काही गेला नाही. दुसरं पॅनल लावल्यावर तो थोडा डावीकडे, म्हणजे टाळीच्या आणखी आधी सरकला. तिसऱ्याला आणखी सरकला. कानाला मात्र काहीच कळत नव्हतं, आणि मी यंत्रापेक्षा कानाला जास्त मानतो. सॉफ्टवेअरची भानगड म्हणून मी कानाडोळा केला. सांगायला लाज वाटते. दुसऱ्या कोणी मला असा आलेख दाखवला असता तर मी त्याला तिथल्या तिथे काम थांबवायला लावलं असतं.

पाच पॅनलं झाली आणि कापड संपलं. मंगळवारी सकाळी मी खाली नवीन कापड कापत होतो, तर रेडिओला कुठला धीर, ती वर जाऊन वाचायला बसलीसुद्धा. अर्ध्या तासात खाली आली.

"दादा, हेडफोनमध्ये कुणीतरी माझ्याआधी वाचतंय."

"तुझ्याआधी बोलणारा अजून जन्माला यायचाय."

"थट्टा नको ना. मी 'कप्तान' म्हणायच्या आधी मला 'कप्तान' ऐकू येतंय. माझ्याच आवाजात, अगदी हळू. एका श्वासाइतकं आधी."

मी तिला केबल, मशीन, आवाज पोचायला लागणारा वेळ असं बरंच काही समजावलं. ती मध्येच तोडून म्हणाली, "अरे पण तो उशीर झाला. हे लवकर येतंय."

मी कापड कापत राहिलो.

दुपारी सहावं पॅनल टांगलं. टाळी वाजवली आणि मी जागच्या जागी हसलो. असं काम माझ्या हातून आधी झालं नव्हतं. टाळी वाजली आणि तिथेच संपली. आलेखात मागे काही नव्हतं, आधीही काही नव्हतं. तो उंचवटा गेला होता. झालं, सॉफ्टवेअरच होतं, असं मी मोठ्याने म्हणालो.

शेवटचं एक काम उरलं होतं. प्रत्येक खोली पूर्ण झाली की मी तिच्यातली सगळी माणसं बाहेर काढतो, दार लावतो आणि रिकाम्या खोलीची शांतता रेकॉर्ड करतो. वाचताना खोकला आला, चूक झाली, की तेवढा तुकडा कापून तिथे ही शांतता भरायची असते. प्रत्येक खोलीची वेगळी असते. एकीची दुसरीत चालत नाही. मी मशीन चालू केलं, दार लावलं, आणि आम्ही दोघं बाहेरच्या पॅसेजमध्ये येऊन उभे राहिलो. तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.

नंतर मी बाहेरच्या टेबलाशी बसून ती शांतता हेडफोनवर ऐकली. सुरुवातीला शांतताच होती. मग खुर्ची करकरली. पान उलटल्याचा आवाज आला. आणि रेडिओ घसा साफ करून वाचायला लागली. बारीक आवाज, शेजारच्या घरातून यावा तसा, पण शब्द न् शब्द स्पष्ट. कप्तानाची बायको त्याला पत्र लिहीत होती. मी पुस्तकाची दुसरी प्रत चाळली. ते पान शहाण्णव होतं. रेडिओ त्या सकाळी पान दहापर्यंतच पोचली होती, आणि आता ती माझ्या शेजारी उभी होती.

मी हेडफोन तिला दिले. तोंड मिटून ऐकणारी माझी बहीण मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

पुढच्या मंगळवारी सकाळी दहाला ती पान शहाण्णववर पोचली. घसा साफ केला आणि वाचलं. मी दोन्ही रेकॉर्डिंग एकावर एक ठेवून पाहिली. केसाचाही फरक नव्हता. म्हणजे आठवड्याला पाच तास कमी. छताला दुपारी तीनला पुढच्या आठवड्यातले सकाळचे दहा ऐकू येत होते.

मला वाटलं होतं ती घाबरेल. घाबरलो मी. तिला आधी मजाच वाटली. दोन मंगळवारांच्या मधल्या त्या अख्ख्या आठवड्यात आम्ही रोज दुपारी मशीन लावून ठेवलं होतं, आणि ती रोज येऊन आपलंच पुढचं वाचन ऐकायची. "पुढच्या मंगळवारी मला शिंक येणार आहे, दादा. रुमाल आठवण करून दे." तिने रुमाल नेला. शिंक आली. मी तिला विचारलंही, तुला काहीच कसं वाटत नाही? ती म्हणाली, "मीच तर आहे. स्वतःला काय भ्यायचं?"

त्याच आठवड्यातल्या गुरुवारी दुपारी आम्ही रोजच्यासारखे ऐकायला बसलो. रेडिओ छान वाचत होती. पान एकशे त्र्याऐंशी. "कप्तानाने दार ढकललं आणि." एवढं म्हणून आवाज थांबला. वाक्य पुरं झालं नाही. खुर्ची करकरली, दार उघडून मिटलं. पुढे काही नाही.

शुक्रवारी दुपारी काही नाही. शनिवारी, रविवारी, सोमवारी काही नाही. रिकामी खोली कशी असते ते मला बरोबर कळतं, आणि ती रिकामी होती. रेडिओ रोज सकाळी तिथे बसून वाचत होती, आणि दुपारी त्याच खोलीतून तिच्या पुढच्या आठवड्याचं काहीच येत नव्हतं.

मंगळवारी दुपारी पुन्हा खुर्ची करकरली. कोणीतरी घसा साफ केला, आणि तो घसा रेडिओचा नव्हता. एक अनोळखी बाई वाचायला लागली. पान एकशे त्र्याऐंशी, कप्तानाने दार ढकललं तिथपासून. मध्ये ती थांबली, माइकपासून तोंड फिरवून नीट न कळणारं काहीतरी बोलली, आणि एक माणूस खोलीत मोठ्याने हसला. अगदी मनापासून.

रेडिओने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. "दादा, हा तू आहेस."

"छे. कोणीतरी दुसरा असेल."

"तुझं हसणं मला कळत नाही होय? शेवटी नाकातून येतं ते." तिचे डोळे भरून आले होते. "मला जाऊन पाच दिवस नाही झाले आणि तू हसतोयस."

मला वाटलं, या छताला आता हातोड्याने फोडून काढावं. मी तिला ओढतच डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने वरपासून खालपर्यंत तपासलं आणि सांगितलं, ठणठणीत आहात, फक्त जरा कमी बोला. एरवी या वाक्यावर मी महिनाभर तिला चिडवलं असतं. त्या दिवशी नुसतं तिला घरी आणलं.

बुधवारी मी सहावं पॅनल उतरवलं आणि पाचवंही उतरवलं. खोली पुन्हा थोडी आपटायला लागली. दुपारी मशीन लावलं, तर नुसती शांतता. सुटलो असं वाटलं. आणि इथे माझ्या हातून ती चूक झाली. गुरुवारी सकाळी ती म्हणाली, आज राहू दे, आज नाही वाचत. मी तिला धीर देण्याऐवजी चिडलो. एका छताला भिऊन घरात बसायचं? तेही मी केलेल्या? "जा, वाच. मी आहे ना बाहेर. ते पान उलटून पुढे गेलीस की विषय संपला."

खोली आणि पॅसेज यांच्यामध्ये जाड काचेची एक खिडकी आहे. मी काचेच्या बाहेर पुस्तक उघडून बसलो होतो. ती वाचत होती. ते पान जवळ येत गेलं तशी ती हळू होत गेली, चढणीवर चालल्यासारखी. "कप्तानाने दार ढकललं आणि." मग तिने मान वर करून छताकडे पाहिलं. पुढचा शब्द 'आत' होता. माझ्या पुस्तकात होता, तिच्याही होता. तिने फक्त तो म्हणायचा होता. मी तिच्या हेडफोनमध्ये बोलायचं बटण दाबून म्हणालो, "पुढे." तिने पुस्तक मिटलं, खुर्ची मागे सरकवली आणि बाहेर आली.

तेव्हापासून ती बोलली नाही.

मी आधी समजावलं, मग ओरडलो, मग हात जोडले. संध्याकाळी तिने एका कागदावर लिहून दिलं. *छताने माझा आवाज थांबलेला ऐकलाय. त्याला आवाज देऊन टाकला तर निदान मी जगेन. म्हणून आता बोलायचं नाही.* मी तो कागद फाडला. तिने दुसऱ्या कागदावर तेच पुन्हा लिहिलं.

आयुष्यभर मी जिला "जरा गप्प बस" म्हणत आलो, ती गप्प बसली आणि घर खायला उठलं. सकाळी नळ वाजायचा, कप वाजायचा, चप्पल वाजायची. दात घासण्याचा नुसता दात घासण्याचा आवाज यायचा. मी वर्कशॉपमधून उगाचच वर जायचो, ती श्वास घेते की नाही बघायला. ती दिसली की खाली यायचो. त्या दिवसांत मला कळलं की मी तिच्याशिवाय जगू शकणार नाही. असं मी कधी कोणाला बोललो नव्हतो, तिलाही नाही.

सोमवारी तिने आणखी एक चिठ्ठी दिली. *पुस्तक अडायला नको. दुसरी बोलाव.* आम्हा दोघांनाही ठाऊक होतं की हे होणार आहे. मी नाही म्हणालो. तिने ती ओळ पेन्सिलने दोनदा अधोरेखित केली. मग मी कंपनीला फोन केला.

मंगळवारी दहाला ती दुसरी बाई आली. ठेंगणी, हसतमुख, शाळेतून निवृत्त झालेली. तिच्यासाठी माइक खाली घ्यायला मी आत गेलो. ती वाचायला लागली, मग मध्येच थांबून तिने जाड दाराकडे पाहिलं.

"अहो, इथलं बाहेर काहीच ऐकू जात नाही?"

मी नुसती मान हलवली, एक शब्दही नाही, अशी.

"मग आधी दहा मिनिटं सासूबाईंबद्दल बोलून घेते. कप्तान थांबेल."

मला हसू फुटलं. इतक्या दिवसांनी कोणीतरी माझ्याशी चेष्टेने बोललं होतं. मनापासून हसलो, आणि शेवटी हसू नाकातून बाहेर आलं. मी काचेकडे पाहिलं. रेडिओ पॅसेजमध्ये उभी राहून माझ्याकडे बघत होती. तिला काही ऐकू गेलं नव्हतं. ऐकायची गरजही नव्हती.

मी बाहेर आलो आणि तिला म्हणालो, "चुकलो." तिने मान हलवली. असू दे, अशा अर्थाने.

पुस्तक संपेपर्यंत त्या बाई महिनाभर येत राहिल्या. शेवटच्या दिवशी त्या गेल्यावर मी माइक गुंडाळत होतो आणि एकदम थांबलो. माइकला समोरचं ऐकू येतं. दाराबाहेरचं त्याला कळत नाही. म्हणून तर आपण एवढी जाड दारं लावतो. त्या मंगळवारी माझी बहीण तीन पावलांवर धडधाकट उभी होती, आणि खोलीला तिचा पत्ता नव्हता. एकवीस वर्षं या धंद्यात काढून एवढी साधी गोष्ट माझ्या टाळक्यात शिरली नव्हती.

मी धावत जाऊन तिला गाठलं. "अगं, छताला फक्त खोलीतलं ऐकू येतं! तू मेली नव्हतीस त्यात. तू बाहेर होतीस. एवढंच!"

तिने कागद ओढला. *म्हणजे मी पुन्हा आत बसते का, तेही ऐकू येईल. पॅनल लाव. मी बोलत असेन तर बोलेन.*

मी डोक्याला हात लावला. ज्या छताने तिचं तोंड बंद केलं त्याचीच परवानगी हवी होती तिला. पण महिन्याभरात तिने पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. मंगळवारी मी शिडी लावली, पाचवं पॅनल चढवलं, सहावं चढवलं, मशीन चालू केलं आणि दार लावलं. ती पॅसेजमध्ये स्टुलावर बसून राहिली.

ऐकताना मी तिच्याकडे पाठ केली होती. दार उघडलं. खुर्ची करकरली. मग खूप वेळ काहीच नाही. कागदाचा आवाज आला, पान उलटल्यासारखा, पण तसा नाही. पुन्हा काही नाही. खुर्ची. दार. मी तीनदा ऐकलं. आवाज नव्हता. तिचा नव्हता, कुणाचाच नव्हता.

मी वळलो. तिचे दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट धरलेले होते.

"आहे," मी म्हणालो.

तिने स्वतःच्या छातीला बोट लावलं. मी?

"तूच. दुसरं कोण? पुढच्या मंगळवारी, दहाला. पहिल्याच ओळीला अडखळलीस आणि स्वतःला शिवी दिलीस."

तिचे खांदे खाली आले. ती हसली, आवाज न करता. मी इतकं साफ खोटं कधीच बोललो नव्हतो.

तो आठवडा ती घरभर फिरत होती. तिने पडदे धुतले, वाचायचा चष्मा नीट करून आणला. बोलली मात्र नाही; मंगळवारसाठी राखून ठेवत होती. मला जेवण जात नव्हतं. छत आजवर एकदाही चुकलं नव्हतं आणि मी तिला त्याच्या तोंडी देत होतो. दार, खुर्ची, शांतता, खुर्ची, दार. ती आत जाणार होती आणि बाहेर येणार होती, हे खरं होतं. मधल्या शांततेत काय होणार ते मला माहीत नव्हतं.

मंगळवारी दहाला ती आत गेली. मी काचेबाहेर हेडफोन लावून बसलो. खुर्ची करकरली. तिने एक नवीन पुस्तक उघडलं, ओठ ओले केले. आतल्या मशीनवरची, आवाज दाखवणारी पट्टी सपाट होती. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. ती सहाव्या पॅनलकडे बघत बसली होती, कोणीतरी आधी म्हणेल मग आपण म्हणू, अशी.

मग तिने कागद घेतला, त्यावर काहीतरी लिहिलं आणि तो काचेला लावला. तो आवाज मी ओळखला.

*तू काहीच ऐकलं नव्हतंस ना?*

पुन्हा खोटं बोलता आलं असतं. तिचा चेहरा कागदाच्या वर दिसत होता, आणि ते माझ्याने झालं नाही. मी मान हलवली. नाही. नव्हतं ऐकलं.

तिने कागद खाली घेतला. मला वाटलं, संपलं. आता ही या जन्मात बोलणार नाही, आणि याला मी जबाबदार. खुर्ची सरकली, दार उघडलं. ती पॅसेजमध्ये आली आणि दार तिने स्वतः लावलं. कडी ओढून पाहिली, पक्की लागली आहे का.

पॅसेजला आम्ही कधीच काही केलेलं नाही. उघडी फरशी, उघड्या भिंती, पोपडे आलेलं छत. ट्यूब गुणगुणत होती, खाली रस्त्यावर कोणीतरी हॉर्न वाजवत होतं. तिने मान वर करून त्या छताकडे पाहिलं, मग आजूबाजूला. भिंतीला उरलेल्या रॉकवूलचा गठ्ठा टेकवून ठेवला होता, त्याच्यावर छापील सूचना होत्या. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"हाताळताना," ती म्हणाली. आवाज गंजलेला होता, मध्येच फाटला. ती थांबली. काही झालं नाही. "हाताळताना हातमोजे घालावेत. कोरड्या जागी ठेवावे. डोळ्यांना खाज सुटल्यास थंड पाण्याने धुवावे."

आवाज समोरच्या भिंतीवर आपटला, छतावर आपटला, जिन्यात उतरला आणि तिच्या मागून, उशिरा, परत आला. आधी ती आणि मग तो. एरवी अशा जागेत मी कानांवर हात ठेवले असते. मी फरशीवर बसलो आणि ढसाढसा रडलो.

आतलं मशीन चालूच होतं. ते बंद करायला दार उघडावं लागलं असतं. मी उघडलं नाही.

तिने गठ्ठ्याची एक बाजू वाचली, मग गठ्ठा फिरवून दुसरी वाचली. लांबी, रुंदी, जाडी, वजन, सगळं. मग माझ्याकडे वळली. "रडतोस काय, दादा? पाणी आण. घसा सुकलाय माझा."

मी पाणी आणायला उठलो. जिना उतरून खाली जाईपर्यंत ती बोलतच होती.